झपाटलेल्या घराचा नकाशा

सारीपाट असो, बुद्धिबळ असो, की ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट असो, आपल्याकडील बहुतेक बैठ्या खेळांत पट सर्वांपुढे उघडा मांडलेला असतो. कोणते घर कोठे आहे, शिडी कोठून चढते आणि सापाचे तोंड कोणत्या घरात आहे, हे खेळणाऱ्यांना आधीपासून दिसत असते. पुढे काय घडेल हे फाशांवर किंवा बुद्धीवर अवलंबून असले, तरी पट स्वतः काही लपवीत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झालेल्या एका खेळाने ही रीत उलटी केली. या खेळात पट एकाच व्यक्तीजवळ असतो आणि तो इतरांपासून झाकून ठेवलेला असतो. इतर खेळाडूंना तो प्रश्न विचारून, तर्क करून आणि चुका करून आपल्या मनात व आपल्या कागदावर पुन्हा उभा करावा लागतो.

या प्रकाराला भूमिकाखेळ असे म्हणता येईल. चारपाच खेळाडू एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एकजण मात्र कोणतेही एक पात्र न घेता उरलेल्या साऱ्या जगाची जबाबदारी स्वीकारतो. नाटकातील शब्द उसना घेऊन त्याला सूत्रधार म्हणणे सोयीचे होईल. सूत्रधार सांगतो, ‘तुम्ही देवडीत उभे आहात. समोर चौक आहे. डाव्या हाताला एक बंद दार आहे.’ खेळाडू विचारतात, ‘दाराला कडी बाहेरून आहे की आतून?’ या प्रश्नाचे उत्तर सूत्रधाराला ठाऊक असावयास हवे, आणि ते ठाऊक असावे म्हणूनच त्याने खेळापूर्वी नकाशा काढलेला असतो. या खेळांतील नकाशांपैकी झपाटलेल्या घराचा नकाशा हा सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत अभ्यसनीय प्रकार होय.

लष्करी नकाशापासून भुयारापर्यंत

झाकलेल्या नकाशाची कल्पना प्रथम करमणुकीतून आली नाही. ती सैनिकी शिक्षणातून आली. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी रायस्विट्झ याने १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्याच्या वडिलांनी सुरू केलेल्या खेळाची ही सुधारलेली आवृत्ती होती. खऱ्या भूप्रदेशाच्या, एकास आठ हजार या प्रमाणाच्या नकाशावर सैन्याच्या तुकड्या हलविल्या जात. मध्यस्थ पंच दोन्ही पक्षांचे हुकूम लेखी घेई, फासे टाकून परिणाम ठरवी आणि प्रत्येक पक्षाला जेवढे प्रत्यक्ष दिसू शकले असते तेवढेच सांगे. टेकडीपलीकडे शत्रू आहे हे पंचाला ठाऊक असे, सेनापतीला नसे. आजच्या सूत्रधाराचा पूर्वज हा पंचच होय.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९७४ मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. आर्नेसनने त्यापूर्वी काही वर्षे आपल्या मित्रांना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक किल्ल्याखालील भुयारांतून फिरविले होते. या खेळाच्या पहिल्या पुस्तिकेतच सूत्रधाराला अशी सूचना होती की, त्याने प्रथम आपल्या पाताळाच्या निदान अर्धा डझन मजल्यांचे नकाशे काढावेत, त्यांत राक्षसांची व खजिन्याची योजना करावी आणि त्यांच्या जागा सूचीत नोंदवाव्यात. खेळाडूंपैकी एकाने ऐकलेल्या वर्णनावरून दुसरा नकाशा काढीत जावयाचे, असाही प्रघात पडला. अशा रीतीने एकाच जागेचे दोन नकाशे तयार होत: एक पूर्ण आणि गुप्त, दुसरा अपूर्ण आणि चुकांनी भरलेला. या दोहोंमधील अंतरातच खेळाचा सारा रस सामावलेला असतो.

भुयार आणि घर

आरंभीचे बहुतेक नकाशे भुयारांचे होते, याला कारण आहे. भुयाराभोवती चहूकडे खडक असतो. रेखाटणाऱ्याला जागा अपुरी पडली, तर तो वाटेल तेथे आणखी एक दालन खोदू शकतो. भुयाराला बाहेरची बाजू नसते, खिडक्या नसतात, छप्पर नसते, शेजारी नसतात.

घराची गोष्ट वेगळी आहे. घर बाहेरून दिसते. खेळाडू आत शिरण्यापूर्वी त्याच्याभोवती एक फेरी मारू शकतात, खिडक्या मोजू शकतात, धुराडे कोठे आहे ते पाहू शकतात. वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवर किंवा खांबांवरच यावयास हवी. खालून चढणारा जिना वर जेथे उघडतो, तेथे वरच्या नकाशात मोकळी जागा हवी. शिवाय घर कोणीतरी राहण्यासाठी बांधलेले असते. स्वयंपाकघरापासून पाणी फार दूर असून चालत नाही, आणि देवघराची वाट न्हाणीघरातून जात नाही. अशी एखादी विसंगती दिसली की खेळाडू ताबडतोब सावध होतात. ती विसंगती हेतुपुरस्सर असेल तर तिच्यातून रहस्य निर्माण होते. निष्काळजीपणामुळे असेल तर खेळाडूंचा विश्वास ढळतो.

घराचे हे गुण ओळखून काही उल्लेखनीय नकाशे तयार झाले. १९७७ मध्ये जजेस गिल्ड या संस्थेने बॉब ब्लेडसॉ याची ‘टेगल मॅनर’ ही रचना प्रसिद्ध केली. तीत दोनशेहून अधिक खोल्यांचा झपाटलेला गढीवाडा होता. १९८१ मध्ये आलेल्या ‘सिनिस्टर सीक्रेट ऑफ सॉल्टमार्श’ या डेव्ह ब्राउन व डॉन टर्नबुल यांच्या रचनेत समुद्रकाठच्या ओसाड घराबद्दल भुताटकीची वदंता असते. खेळाडू धीर धरून शोध घेतात, तेव्हा ही भुताटकी तस्करांनी लोकांना दूर ठेवण्यासाठी उभी केली असल्याचे उघडकीस येते. त्याच वर्षी सँडी पीटरसन याच्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’ या खेळाने आणखी एक पाऊल टाकले. त्यातील बॉस्टनमधल्या झपाटलेल्या घराच्या कथानकात खेळाडूंनी घरात शिरण्यापूर्वी ग्रंथालयात, वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत आणि न्यायालयाच्या दप्तरात चौकशी करावी अशी अपेक्षा असते. १९८३ मध्ये ट्रेसी व लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’साठी डेव्हिड सदरलँड याने किल्ल्याचे नकाशे तिरकस त्रिमिती पद्धतीने, तीस अंशांच्या रेषांनी काढले. त्यामुळे मनोरे, जिने आणि तळघरे एकमेकांवर कशी येतात हे एका दृष्टिक्षेपात कळू लागले.

भिलाईजवळचा वाडा

परदेशी वाड्यांची नक्कल करण्यापेक्षा आपल्या परिचयातील घर निवडणे केव्हाही हितावह, कारण परिचित घरातील लहानसा फरकही खेळाडूंना जाणवतो. उदाहरणादाखल भिलाईचा परिसर घेऊ. भिलाई हे आधी कागदावर रेखाटून मग उभारलेले नगर आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, सरळ रस्ते आणि एकसारखी निवासस्थाने अशा या वसाहतीत देशाच्या अनेक प्रांतांतील, अर्थात मराठी कुटुंबेही, येऊन राहिली. अशा वसाहतीत रहस्याला वाव कमी. एका घराची मांडणी कळली की शेजारच्याचीही कळते.

परंतु वसाहतीच्या आसपासचा प्रदेश जुना आहे. १७४१ पासून नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेचा छत्तीसगडाशी संबंध आला. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरहून या प्रदेशाचा कारभार पाहत होते. पुढे इंग्रजी अमलात गावोगावी मालगुजार होते. त्यांत काही मराठी घराणीही होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि पुढील दशकात कारखान्यासाठी अनेक गावांच्या जमिनी संपादन करण्यात आल्या. एखादा मोठा वाडा ओस का पडला, या प्रश्नाला या इतिहासातच पुरेसे उत्तर आहे. काल्पनिक वाड्यालाही असे खरे कारण द्यावे. कारणाशिवाय ओस पडलेले घर खेळाडूंना नाटकातील पडद्यासारखे वाटते.

वाड्याची रचना रेखाटनाला मोठी अनुकूल असते. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, धान्याची कोठी, परसातील आड, वर माडी आणि खाली तळघर, असा त्याचा क्रम असतो. बाहेरून आत जाताना परक्यांची जागा संपते आणि घरच्यांची सुरू होते. म्हणून वाड्यात आत शिरणे हे केवळ चालणे नसते. ते एका कुटुंबाच्या खाजगी जीवनात पाऊल टाकणे असते. शिवाय मराठी माणूस घर ‘खणां’नी मोजत आला आहे. दोन खांबांमधील किंवा तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. आलेख कागदावरील चौकट आणि वाड्याचा खण यांची जोडी सहज जमते.

कागद, प्रमाण आणि खुणा

या कामाला लागणारे साहित्य थोडके आहे: मिलिमीटरच्या रेघा आखलेला आलेख कागद, टोकदार पेन्सिल, खोडरबर, पट्टी, गुण्या, काळ्या शाईचे लेखणी-पेन आणि पारदर्शक ट्रेसिंग कागद. प्रथम प्रमाण ठरवावे. भुयारांच्या नकाशांत एका चौकटीस दहा फूट असे प्रमाण रूढ होते. घरासाठी ते फार मोठे होते, कारण त्यात एक संपूर्ण खोली एका चौकटीत नाहीशी होते. वाड्यासाठी एक सेंटिमीटरला पाच फूट हे प्रमाण सोयीचे पडते. त्यात दोन मिलिमीटर म्हणजे एक फूट, आणि पाच फुटांचा एक खण धरल्यास तो बरोबर एका सेंटिमीटरच्या चौकटीत बसतो.

रेखाटनाची सुरुवात बाहेरच्या भिंतींनी करावी. खोल्यांपासून सुरुवात केल्यास घराचा आकार वेडावाकडा होत जातो. त्यानंतर चौक, मग खांबांच्या ओळी, मग आतील भिंती व शेवटी दारे-खिडक्या असा क्रम ठेवावा. खालच्या मजल्याचा नकाशा पूर्ण झाला की त्यावर ट्रेसिंग कागद ठेवून भिंती, खांब आणि जिने उतरून घ्यावेत व त्या आधारावर माडी रेखाटावी. तळघरासाठीही हीच पद्धत. तीनही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की चूक आपोआप दिसते.

खुणा थोड्या आणि निश्चित असाव्यात. भिंत जाड व भरीव, दार म्हणजे भिंतीवरील लहान आयत, खिडकी म्हणजे भिंतीतील दुहेरी रेघ, जिना म्हणजे समांतर रेघा व चढाच्या दिशेचा बाण. गुप्त दारासाठी एखादे अक्षर ठरवावे. घराबाहेरील भाग आडव्यातिडव्या बारीक रेघांनी भरला की मोकळी जागा उठून दिसते. कॅनडातील डायसन लोगोस या टोपणनावाच्या नकाशाकाराची हातांनी काढलेली रेखाटने अशा रेघांमुळेच ओळखली जातात. प्रत्येक खोलीला क्रमांक द्यावा आणि वेगळ्या कागदावर त्या क्रमांकाखाली खोलीत काय दिसते, काय ऐकू येते, काय शोधल्यावर सापडते हे तीन भाग करून लिहावे. सर्वच खोल्यांत काहीतरी भयंकर ठेवू नये. रिकामी खोली ही वाया गेलेली खोली नव्हे. ती खेळाडूंना श्वास घेऊ देते आणि पुढच्या दाराविषयीची धास्ती वाढविते.

हरवलेले नऊ फूट

भिंतींना जाडी का द्यावयाची, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. वाड्याची उत्तरेकडील बाजू बाहेरून ६० फूट आहे असे समजा. आत ओळीने तीन खोल्या आहेत: १० फुटांचे देवघर, १५ फुटांची कोठी आणि २० फुटांचे माजघर. त्यांची बेरीज ४५ फूट. दोन्ही टोकांच्या बाहेरील भिंती प्रत्येकी दोन फूट, म्हणजे ४ फूट. खोल्यांमधील दोन भिंती प्रत्येकी एक फूट, म्हणजे २ फूट. एकूण ५१ फूट झाले. उरलेले ९ फूट कोठे गेले?

जो खेळाडू आपला नकाशा काळजीपूर्वक काढीत असेल, त्याच्या कागदावर हे नऊ फूट कोरे राहतील. ते कोठी आणि माजघर यांच्या मध्ये आहेत: आठ फुटांची एक बुजविलेली खोली आणि एक फुटाची एक जादा भिंत. जुन्या घरांत धान्य साठविण्यासाठी बळद असे. बाहेरून पाहणाऱ्याला ते भिंतीचाच भाग वाटावे अशी त्याची बांधणी असे. म्हणून ही कोरी जागा अविश्वसनीय वाटणार नाही. त्या बळदात धान्याऐवजी काय आहे हे सूत्रधाराने ठरवावयाचे. पण ते तेथे आहे याचा शोध खेळाडूने केवळ बेरजेने लावलेला असतो. कोणतीही किंकाळी न ऐकविता, एकही भूत न दाखविता अंगावर काटा येतो, तो अशा क्षणी. मोजपट्टी आणि भीती यांचा हा संबंध नकाशाकाराने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मात्र गंमत उलटही होऊ शकते. सूत्रधाराने स्वतःच बेरीज चुकविली असेल, तर खेळाडू अस्तित्वात नसलेली खोली शोधत भिंती फोडू लागतील. यास्तव शाई फिरविण्यापूर्वी प्रत्येक बाजूची बाहेरील लांबी व आतील बेरीज ताडून पाहणे आवश्यक होय.

दोन काळांचे दोन नकाशे

झपाटलेले घर म्हणजे ज्यात भूतकाळ अद्याप संपलेला नाही असे घर. हे कागदावर दाखविण्याचा एक सोपा उपाय आहे. मूळ वाडा जसा बांधला गेला तसा एका कागदावर काढावा आणि आज तो जसा उरला आहे तसा ट्रेसिंग कागदावर. मधल्या काळात एखादे दार विटांनी बुजविले गेले, एखादी पडवी कोसळली, एखाद्या चौकात शेजाऱ्याने भिंत घातली. घरातील सावली मात्र जुन्या नकाशाप्रमाणेच वावरते. ती जेथून भिंतीत शिरते, तेथे पूर्वी दार होते. जिन्याच्या वरच्या पायरीपाशी ती थांबते, कारण त्यापुढे एकेकाळी खोली होती.

इंग्लंडमधील यॉर्क येथील ट्रेझरर्स हाउसच्या तळघरात १९५३ मध्ये काम करणाऱ्या एका तरुण नळकारागिराने सांगितलेली हकीकत याच कल्पनेवर उभी आहे. त्याला दिसलेले रोमन सैनिक गुडघ्यांपर्यंत जमिनीत बुडालेले होते; जेथे खणून जुना रस्ता उघडा केला होता तेथेच त्यांची पावले दिसली. ही हकीकत खरी मानण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील तर्क नकाशाकाराच्या कामाचा आहे.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरणही असेच उद्‌बोधक आहे. १७३० मध्ये पाया घातलेल्या या वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची आर्त हाक अजून ऐकू येते अशी लोकसमजूत आहे. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळून गेल्या. आज तटबंदी, पाच दरवाजे आणि जोती शिल्लक आहेत. जोत्यांवरून चालणारा पाहुणा म्हणजे जणू प्रत्यक्षाच्याच प्रमाणाच्या नकाशावरून चालणारा माणूस. जी दालने नाहीत त्यांच्या भिंती तो मनाने उभ्या करतो, आणि हाक ऐकू येते ती त्या मनातील दालनांतून.

सूत्रधाराची बांधिलकी

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. नकाशा खेळाडूंना दिसणारच नसेल, तर तो इतक्या कष्टाने काढण्याचे प्रयोजन काय? सूत्रधाराने आयत्या वेळी सुचेल ते सांगितले तर बिघडले कोठे?

बिघडते ते असे. खेळाडूंनी डाव्या हाताचे दार उघडावे की उजव्या, याचा बराच वेळ विचार केला. सूत्रधाराने मात्र मनाशी ठरविले आहे की, कोणतेही दार उघडले तरी मागे प्रेतच असेल. अशा वेळी खेळाडूंच्या विचाराला काही किंमत उरत नाही. निवड करण्याचा केवळ देखावा होतो. आधी काढलेला नकाशा सूत्रधाराचेही हात बांधतो. खेळाडूंनी योग्य तर्क केला, तर त्यांना सुखरूप बाहेर जाऊ देणे त्याला भाग पडते, मग त्यासाठी त्याच्या आवडत्या प्रसंगावर पाणी सोडावे लागले तरी. रायस्विट्झच्या पंचाचे जे ब्रीद, तेच सूत्रधाराचेही. झाकलेला नकाशा हा अधिकार आहे खरा, पण तो शाईत लिहून दिलेले वचनही आहे.

घराबाहेरचे भय

या खेळाविषयी पूर्वी गैरसमजही पसरले. १९७९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा तो विद्यापीठाखालील वाफेच्या बोगद्यांत खेळाच्या नादात हरवला असावा असा तर्क वृत्तपत्रांनी उचलून धरला. पुढे तो चुकीचा ठरला, पण खेळाची बदनामी बरीच वर्षे टिकली.

छत्तीसगडात भुताखेतांच्या गोष्टीला याहून गंभीर बाजू आहे. टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून स्त्रियांचा छळ होण्याचे प्रकार या प्रदेशात घडत आले आहेत. ते रोखण्यासाठी राज्याला २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. एखाद्या व्यक्तीला टोनही म्हणून दाखविणे हाच त्याखाली शिक्षापात्र गुन्हा आहे. महाराष्ट्रातही अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अमलात आला. म्हणून भिलाईच्या परिसरात कथानक बसविणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. गावाचे व घराण्याचे नाव काल्पनिक असावे. प्रत्यक्षातील ओस घर ओळखता येईल अशी खूण नकाशात नसावी. आणि घराच्या दुर्दशेचे खापर एखाद्या एकाकी वृद्धेवर किंवा विधवेवर फोडणारे कथानक तर निखालस टाळावे. तीच गोष्ट खेळाबाहेर कोणाच्या तरी जिवावर बेतलेली आहे.

याचा अर्थ भीतीच काढून टाकावी असा नव्हे. नारायण धारपांच्या भयकथांवर पोसलेला मराठी वाचक भीतीचा आनंद आणि भुतावरील विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू शकतो. सॉल्टमार्शच्या घराप्रमाणे मालगुजाराच्या वाड्यातील भुताटकीलाही मानवी कारण देता येते: जमिनीचे दडविलेले कागद, भावाभावांतील न झालेली वाटणी, बळदात बुजविलेला पुरावा. खेळाडू खोली खोली मोजत जातात, जुन्या दप्तराशी ती ताडून पाहतात आणि अखेर नऊ फुटांच्या त्या कोऱ्या जागेपाशी येऊन थांबतात. त्या वेळी त्यांच्या हाती शस्त्र नसते. स्वतः काढलेला, अनेकदा खोडलेला एक नकाशा असतो. ज्या घराला सारा गाव भीत होता, त्याचे माप आता त्यांच्यापाशी असते, आणि भिंत कोठे फोडावयाची हे त्यांना ठाऊक झालेले असते.